मोनालीनं कान धरले

हे मी अजून कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. आम्ही जैन. दरवर्षी संवत्सरीला ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो — वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. हल्ली मी ते फोनवरूनच पाठवते, शे-दीडशे लोकांना, एका दमात. त्या यादीत जिचं नाव सगळ्यात आधी असायला हवं, ती मुलगी कधीच नव्हती. आणि 'नकळत' हा शब्द तर मला वापरताच येणार नाही. मला सगळं कळत होतं.

लिहायला बसले आहे तर छातीत धडधडतंय. तुम्हाला वाटेल भीतीनं. थोडी भीती आहेच — पण जास्त ती शाळेची धडधड आहे. कारण ही गोष्ट सांगायची म्हणजे ती शाळा सांगावी लागणार, आणि शाळा आठवली की मी आजही खुर्चीत नीट बसू शकत नाही. हात आपोआप वर येतात. इतकी खूश मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही. मग तिथंच हे असं का केलं? थांबा, क्रमानं सांगते.

मी मंचरची. बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले, पण आता आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीत होतात. माझं नाव कांचन. एकोणिसाव्या वर्षी मला मोठा ताप आला आणि तो उतरल्यावर ऐकू कमी यायला लागलं. आधी डाव्या कानानं, मग थोडं उजव्याही. दुकानात गिऱ्हाईक मागून म्हणायचं, "ताई, तो निळा पीस दाखवा," आणि मी आपली लाल कापडाची घडी घालत राहायचे. लोकांना वाटलं, पोरगी शिष्ट आहे. आईला ते चालत होतं. शिष्ट मुलीचं लग्न होतं, बहिऱ्या मुलीचं अवघड. पुण्याला जाऊन कानामागचं मशीन आणलं, त्याच दिवशी आईनं माझी वेणी सोडली आणि म्हणाली, "केस मोकळेच ठेवत जा. शोभतात तुला." भर उन्हाळ्यातही मी केस बांधले नाहीत. मशीन आहे हे घरात तिघांना माहीत होतं — मला, आईला आणि बाबांना.

आईवर ढकलत नाहीये. तिनं केस सोडले, एवढंच. पुढचं माझं.

बी.कॉम. झाल्यावर मी घरी बसून होते. बाबांच्या ओळखीत कुणीतरी सांगितलं की कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवायला कुणीतरी हवंय. पगार मिळणार नाही, जेवण मिळेल. शाळेचं नाव-गाव लिहीत नाही. दोष माझा आहे, शाळेचा नाही. एवढंच सांगते की नारायणगावच्या बाजूला एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि उसाच्या शेतांमधून पंधरा मिनिटं चालायचं. घरच्यांना बरंच वाटलं. स्थळं येत होती. 'मुलगी सेवा करते' हे सांगायला चांगलं.

आणि मी तिथं पाऊल टाकलं ना — कसं सांगू तुम्हाला? बाहेर माणसानं तोंड वळवलं की माझं वाक्य अर्धं तुटायचं. उरलेलं मी अंदाजानं जुळवायचे, चुकायचे, हसून वेळ मारून न्यायचे. त्या शाळेत कुणी तोंड वळवतच नव्हतं. बोलायचं तर समोर यायचं. खांद्यावर थाप मारायची, नाहीतर लाकडी मंचावर पाय आपटायचा, की ज्यानं त्यानं वळून बघायचं. जेवणाच्या खोलीत साठ मुलं, आवाज फक्त ताटवाट्यांचा, आणि गप्पा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं भांडण. पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले. मला रडू आलं नाही, हसू आलं. मी कुठेतरी पोहोचले होते.

दोन महिन्यांत मी खुणांनी बोलायला लागले. शबाना मॅडम तिथल्या जुन्या शिक्षिका, जुन्नरहून रोज स्कूटीवर यायच्या. त्या म्हणायच्या, "कांचन, तुझे हात फार लवकर सुटले गं. लोकांना वर्ष वर्ष लागतं." मी नुसती हसायचे. मला माहीत होतं ना का ते. चार वर्षं मी माणसांचे ओठ, भुवया, खांदे वाचून दिवस काढत होते. इथे पहिल्यांदा तो अभ्यास उपयोगाला आला. सकाळी एसटीत बसले की बोटं चुळबुळायला लागायची — आज कोणती नवी खूण, आज कोण काय सांगणार. मुलांनी मला नावही दिलं. त्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, दिसण्यावरून पडलेलं. माझं होतं कानावरून खाली सरकणारी चार बोटं. मोकळे केस.

आता मोनाली.

मोनाली घाटघरची, नाणेघाटाजवळच्या डोंगरातली. अकरा वर्षांची, काटकुळी, आणि डोळे असे की समोरच्याची नक्कल त्यातच सुरू व्हायची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण मशीन लावलं तर थोडं यायचं. शबाना मॅडमचं म्हणणं, हिनं मशीन रोज लावलं तर ही बोलायलाही शिकेल. आणि मोनाली काही मशीन लावत नव्हती. गावाकडं चुलत भावंडं मशीन ओढून पळायची म्हणून तिला त्याचा रागच होता. बाईंची पाठ वळली की मशीन गायब. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कुसुममावशी होत्या, वारूळवाडीच्या. त्या एकदा मशीन दोन बोटांत धरून बाहेर आल्या. "पिठाच्या डब्यात घावलं. अजून थोडं न्हाई दिसलं तर आमी भाकरीत थापून भाजलं असतं. लई बाराची हाय ही पोर."

मोनालीच्या वेण्या मी घालायचे. एका दुपारी मी तिच्या कानाला मशीन लावायला गेले तर तिनं डोकं असं झटकलं की कंगवा उडाला. तिनं खुणेनं सांगितलं, "घाण. फक्त मला. तुला नाही, म्हणून तू सांगतेस."

मी दार बघितलं. कुणी नव्हतं. आणि मी माझे केस वर उचलले.

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. ती जवळ आली, माझ्या कानामागं बोट लावलं, मशीनवरून फिरवलं, परत आपल्या हातातल्या मशीनकडं बघितलं. मग दोन्ही तर्जन्या शेजारी शेजारी धरल्या. सारखं? मी तशाच तर्जन्या धरल्या. सारखं. तिनं माझ्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघी खी-खी हसत सुटलो. माझ्या घरच्यांशिवाय ते मशीन बघणारी ती पहिली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं. त्या दिवसापासून तिनं मशीन काढलं नाही.

गुपित तिनं कसं सांभाळलं माहितीये? साठ मुलांच्या त्या शाळेत, जिथं कुणी शिंकलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं, तिनं पाच महिने कुणाला कळू दिलं नाही. फक्त वर्गात कधीतरी लांबून माझ्याकडं बघायची आणि छातीजवळ, कुणाला दिसणार नाही अशा, दोन तर्जन्या धरायची.

मग तिनंच एकदा विचारलं, का लपवतेस? मी काहीतरी उत्तर दिलं — मोठ्या माणसांचं असतं तसं. तिला ते पटलं नाही. लहान मुलंही मशीन काढून टाकतात, तिनं सांगितलं, तू दाखवलंस तर कुणी काढणार नाही. आणि मी — त्या क्षणी अगदी मनापासून — तिला सांगितलं: शेवटच्या दिवशी दाखवेन. स्टेजवर, सगळ्यांसमोर. केस वर करून. तिनं हात पुढं केला. मी हातावर हात मारला.

खरंच दाखवणार होते का मी? होते. त्या शाळेत असताना मला काहीही जमेल असं वाटायचं.

याच सुमाराला ती नाटक बसवत होती. म्हणजे नाव माझं होतं, पण नाटक सगळं तिचं. पावसाळ्यात नाणेघाटाकडं वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा बघायला गाड्या भरभरून लोक येतात. तिच्या नाटकात पाच पर्यटक रस्त्याकडेच्या एका मुलीला धबधब्याची वाट विचारतात. मुलीला ऐकू येत नाही. ते आणखी मोठ्यानं विचारतात. मुलीला वाटतं यांना भूक लागली, ती भाकरी देते. ते ओरडतात. तिला वाटतं यांचं पोट दुखतंय, ती पोट चोळून देते. शेवटी ती ठरवते की यांना घाईची लागलीय, आणि पाचही जणांना ओळीनं झुडपामागं नेऊन उभं करते. एक शब्द नाही, नुसत्या हालचाली. तालमीत मी इतकी हसायचे की पोट धरून खाली बसायचे. मोनाली दिग्दर्शकासारखी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघायची — हसलीस, आता ऊठ, पुढचं बघ.

आणि मग संगमनेरचं स्थळ आलं. त्यांचंही कापडाचंच दुकान. मुलगा शांत, डोळ्यांत बघून बोलणारा; मला आवडला. पसंती झाली, टिळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याचा, दिवस ठरला. शाळा सोडावी लागणार होती. मुख्याध्यापकांनी ठरवलं की मुलांचं नाटक आणि माझा निरोप एकाच दुपारी करू, गावातली माणसंही बोलावू. टिळा त्याच्या पुढच्या आठवड्यात होता. सासूबाईंना — होणाऱ्या — हे कळलं तेव्हा त्यांनी आईला फोन केला, आम्हीही येतो, आमची सून काय काम करते ते बघू तरी.

आई मला म्हणाली, "टिळा होईपर्यंत काही बोलू नकोस. नंतर मी सांगते त्यांना, माझ्या पद्धतीनं."

मी म्हणाले, बरं.

कार्यक्रमाला तेव्हा पाच दिवस होते. पाच दिवस मी रोज शाळेत गेले, रोज मोनालीच्या वेण्या घातल्या. तिला सांगता आलं नसतं का? बाळ, ते राहू दे, पाहुणे येणार आहेत. तिनं ऐकलं असतं. गुपित सांभाळायला तिला माझ्याहून चांगलं येत होतं. पण ती इतकी खूश होती — बोटांवर दिवस मोजत होती, आणि मलाही त्या खुशीत राहायचं होतं. मी स्वतःला सांगितलं, ती विसरली असेल. नाटकाच्या गडबडीत मुलांना काय आठवतंय.

तो दिवस आला. मुलांनी अंगणात मांडव घातला होता, पताका लावल्या होत्या. पहिल्या रांगेत सासूबाई, नणंद, शेजारी माझी आई. नाटक सुरू झालं आणि काय झालं सांगू — लोक हसून हसून वाकले. सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता. झुडपामागं ओळ लागली तेव्हा मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघायला लागले. संपल्यावर सगळी मुलं हात वर करून हलवत होती. टाळ्या त्यांच्या अशाच असतात. मोनाली मधोमध वाकून नमस्कार करत होती. मी विंगेत उड्या मारत होते. तेवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही.

मग मला बोलवलं. मी माईकवर तोंडानं बोलत होते आणि मुलांसाठी हातांनी. शबाना मॅडम शेजारी उभ्या होत्या, मुलं काही म्हणाली तर पाहुण्यांना मोठ्यानं सांगायला. मी बोलले, सगळ्यांचे आभार मानले. विंगेत मोनाली उभी होती. तिनं आपली वेणी मागं टाकून मशीन मोकळं केलं होतं, आणि माझ्याकडं बघत टाचा वर-खाली करत होती. मी तिला बघितलं. तिला आठवत होतं, हे मला समोर दिसत होतं. आणि मी "धन्यवाद" म्हणून माईकपासून मागं झाले.

ती पळतच आली. तिला वाटलं, मी विसरले. माझा हात हलवून विचारलं, "ताई, विसरलीस?" आणि माझ्या कानाकडं बोट केलं. दाखव ना.

शबाना मॅडम सवयीनं बोलून गेल्या, माईक समोरच होता — "ती म्हणतेय, ताईंनी कानाचं मशीन दाखवायचं राहिलं..." आणि त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं.

पहिल्या रांगेत नणंद सासूबाईंच्या कानाशी वाकली. आईनं मान खाली घातली.

मोनालीनं हात वर केला, माझे केस बाजूला करायला. मशीनवर हात आला की ते शिट्टी मारतं. मारली. माईकनं ती उचलली, सगळ्या मांडवात बारीक किंचाळी घुमली, आणि माईकवाला धावत येऊन बटणं फिरवायला लागला. लोकांना वाटलं माईकचीच शिट्टी. मी मोनालीचं मनगट पकडलं. घट्ट. आणि माईकवर हसून म्हणाले — हसून, हे महत्त्वाचं आहे — "ही आमची मोनाली. हिला वाटतं, आवडत्या माणसांनाही आपल्यासारखंच मशीन असावं. लहान आहे हो."

लोक हळहळले. कुणीतरी "किती गोड" म्हणालं.

तिला ऐकू आलं नव्हतं. म्हणून मी तिला हातांनी सांगितलं. ते मला सांगायची काही गरज नव्हती, लोकांचं समाधान झालं होतं. तरी सांगितलं: "खोटं. खोटं बोलू नये."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग छातीजवळ दोन तर्जन्या शेजारी शेजारी धरल्या. सारखं. मी मान हलवली. नाही.

शबाना मॅडमना पाहुण्यांसमोर अवघड झालं असणार. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. त्यांनी मोनालीला सांगितलं, ताईंची माफी माग. खुणांमध्ये माफी म्हणजे कान धरायचे, आपण लहानपणी धरतो तसेच. मोनालीनं दोन्ही कान धरले. उजव्या हाताची बोटं मशीनवरच पडली. ती तशी, सगळ्या मांडवासमोर, माझ्यापुढं कान धरून उभी राहिली. आणि मी काय केलं? तिचे हात खाली घेतले, तिला पोटाशी धरलं, डोक्यावरून हात फिरवला. जाऊ दे बाळ, असा. कुणीतरी फोटो काढला. छान आला होता.

खोटं बोलणं मी समजू शकते. पण ती माफी मी घेतली कशी? तिच्या डोक्यावरून हात फिरवताना हात थांबला कसा नाही?

निघताना मुलांनी गाडीला गराडा घातला. चित्रं, कागदाची फुलं, रडारड. मोनाली नव्हती. कुसुममावशी डबा घेऊन आल्या, रस्त्यात खायला. म्हणाल्या, "ती न्हाई यायची ताई. मशीन काढून बसलीय चुलीपाशी. काय झालं व्हतं ओ? पोर वांड हाय, पण खोटं न्हाई बोलत कधी."

मी म्हणाले, "लहान आहे, मावशी."

आणि आईबरोबर सासूबाईंच्या गाडीत बसले; त्या आम्हाला मंचरला सोडणार होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, किती माया लावलीस गं मुलांना. आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. मला त्या वेळी लाज वाटली नाही. मी खूश होते. नारायणगाव मागं पडलं, खिडकीतून वारा येत होता, मी केस सांभाळत होते, आणि सुटले म्हणून अंगात नुसता आनंद भरला होता. रात्रीपर्यंतसुद्धा पुरला तो.

दोन महिन्यांनी शबाना मॅडमचा मेसेज आला. तेव्हा लग्न होऊन मी संगमनेरला आले होते. मुलांचं नाटक मोठ्या स्पर्धेसाठी निवडलं गेलं होतं. पण मोनाली स्टेजवर काहीही करते, त्या दिवशी केलं तसं परत केलं तर? तिच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी का, तुला काय वाटतं? मला विचारलं होतं, माझ्या शब्दाला मान म्हणून. मी तो मेसेज दोन दिवस ठेवला. मग लिहिलं, तुम्ही ठरवाल ते योग्य. नाटक तिच्याशिवाय गेलं. तिचं नाटक, तिचा रस्ता, तिचे पर्यटक. मॅडमनी फोटो पाठवले, मी अंगठा पाठवला.

आणि ज्याच्यासाठी हे केलं त्याचं काय झालं? काहीच नाही. टिळ्यानंतर आईच्यानं सांगणं झालं नाही. लग्नाच्या बाराव्या दिवशी नवऱ्यानं उशीवर मशीन बघितलं. दोन दिवस रागात होता — मशीनसाठी नाही, लपवलं म्हणून. मग माझ्या उजव्या बाजूनं बोलायला शिकला. सासूबाई म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर आम्ही काय खाल्लं असतं तुला?" आणि तेव्हापासून त्या मला समोर येऊनच हाक मारतात. मांडवातली ती मुलगी त्यांना आठवली का? कधी बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. मी आता केस बांधते.

मागच्या महिन्यात मी लेकीला घेऊन मंचरला निघाले होते. नारायणगावच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. दुपारची वेळ, बाकावर बसलो होतो, आणि माझ्या पायाखाली फरशी धपकन हलली. कुणीतरी पाय आपटला होता. मी वळले. मोनाली.

वीस वर्षांची झालीय. उंच, केस वर बांधलेले, कानामागं मशीन उघडं. तिनं मला उठवून गच्च मिठी मारली आणि तिचे हात सुटले. फळांच्या पॅकिंगमध्ये कामाला आहे. मशीन मधली दोन वर्षं लावत नव्हती, शबाना मॅडम मागं लागल्या, मग लावलं. ओतूरच्या मुलाशी लग्न ठरलंय, त्यालाही ऐकू येत नाही, फार चेष्टेखोर आहे. फोनमधले फोटो दाखवले, त्यानं केलेल्या नकला करून दाखवल्या. माझे हात गंजलेले, मी चुकीच्या खुणा करायचे आणि ती माझी बोटं धरून सरळ करायची. लेक तोंड उघडं टाकून बघत होती. मला वाटलं, मी परत त्या जेवणाच्या खोलीत आहे. मी इतकी हसले की बाकावरचे लोक बघायला लागले.

मग ती मध्येच थांबली. चेहरा गंभीर झाला. सावकाश, मला नीट कळावं म्हणून, तिनं सांगितलं: "तेव्हा मी लहान. पाहुणे बसलेले. मला कळलं नाही. तुझं लग्न मोडलं असतं. गुपित मी फोडलं." आणि तिनं कान धरला.

नऊ वर्षं तिनं हे असं ठेवलं होतं. मी दिलेल्या शब्दाचा विषय तिनं काढलाच नाही. तिला तो आठवत नव्हता, की आठवत होता आणि मला अवघड होऊ नये म्हणून तिनं वगळला? मला ठरवता आलं नाही.

माझे दोन्ही हात मोकळे होते. गाडी लागलेली नव्हती. घाई नव्हती, मध्ये कुणी नव्हतं, माईक नव्हता, सासूबाई नव्हत्या. मी खुणेनं म्हणाले, "असू दे."

तिचा चेहरा उजळला. केवढं तरी ओझं उतरल्यासारखी ती हसली, माझ्या लेकीचे गाल ओढले, लग्नाला यायचं असं तीनदा बजावलं आणि तिच्या गाडीकडं पळाली.

लेकीनं विचारलं, "आई, त्या मावशीनं कान का धरला?"

मी म्हणाले, "दुखत होता तिचा."

त्या दिवशी स्टेजवर ती खरं बोलत होती. माझ्या कानाला मशीन होतं आणि ते दाखवायचा शब्द मी दिला होता. गुपित तिनं फोडलं नाही; ती मला आठवण करून द्यायला आली होती. मोनालीनं माझी दोनदा माफी मागितली, आणि दोन्ही वेळा मी तिला माफ केलं.